आधी काय, मग काय?

घर बांधताना आधी पाया, मग भिंती आणि अखेर छप्पर, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. छप्पर अधांतरी राहू शकत नाही. म्हणून तेथे क्रमाचा फारसा विचार करावा लागत नाही. परंतु काही कामांत आधी काय करावे हे वस्तूकडे नुसते पाहून कळत नाही; ते विचाराने ठरवावे लागते. सुट्या भागांतून विमान जुळवणे हे असेच एक काम होय.

अमेरिकेत हौशी माणसे आपल्या घरी लहान विमाने बांधतात. तेथील ऑरेगन राज्यात रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन या अभियंत्याने १९७३ साली ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ ही कंपनी स्थापन केली. ती विमानाचे सुटे भाग आणि नकाशे संचरूपाने विकते. अशा संचांतून लोकांनी जुळवलेली ११,००० हून अधिक विमाने आजवर आकाशात उडाली आहेत. विमान ‘हौशी बांधणीचे’ म्हणून नोंदवायचे असेल, तर त्यातील अर्ध्याहून अधिक काम हौशी माणसांनी केलेले असावे, असा तेथील नियम आहे. फावल्या वेळात हे काम करणाऱ्यास कित्येकदा अनेक वर्षे लागतात.

एखाद्यास वाटेल की, इंजिन हा विमानाचा प्राण. तेव्हा आरंभ इंजिनापासून व्हावा. प्रत्यक्षात बहुतेक जण आरंभ करतात तो शेपटापासून! याचे कारण समजण्याजोगे आहे. शेपटाचे भाग लहान आणि तुलनेने स्वस्त असतात. तथापि भोके पाडणे, त्यांच्या खरखरीत कडा घासून गुळगुळीत करणे, पत्रा आणि फासळ्या रिव्हेटांनी जोडणे, ही पुढे पंखांसाठी लागणारी सारी कामे येथेही करावी लागतात. नवशिक्याचा हात चुकणारच. सुकाणूचा पत्रा बिघडला तर तेवढाच नवा मागवता येतो. पंखाची मुख्य तुळई बिघडली तर नुकसान फार मोठे होते. म्हणून जेथे चूक स्वस्त पडते, तेथे हात बसवून घ्यावयाचा.

शेपटानंतर बहुधा पंखांची पाळी येते. यांपैकी बहुतेक विमानांत इंधनाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेतच असतात. टाकीचे सांधे लुकणाने बंद केले की तिच्यात थोडी हवा भरतात आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. बुडबुडा दिसला की गळती सापडली. सायकलच्या ट्यूबचे पंक्चर पाण्यात बुडवून शोधतात, तसाच हा प्रकार. ही परीक्षा टाकी पंखावर बसवण्यापूर्वी घेतली तर दुरुस्ती सोपी जाते. लुकण सुकेपर्यंत कारागीर रिकामा बसत नाही. तेवढ्यात तो दुसऱ्या भागाचे काम उरकतो.

पुढे विमानाचे धड येते. त्याच्या पोटात ब्रेकच्या नळ्या, विजेच्या तारा आणि सुकाणू हलवणाऱ्या तारा असतात. वरचा पत्रा आधीच ठोकून टाकला, तर आत हात शिरत नाही, आणि एका तारेसाठी कित्येक रिव्हेट उखडावे लागतात. म्हणून जाणता कारागीर प्रत्येक झाकण बसवण्यापूर्वी थांबतो आणि आतील कामापैकी काही राहिले नाही ना, हे पाहतो. झाकलेली चूक डोळ्यांना दिसत नाही. ती आकाशात प्रकट होते, आणि तेथे विमान रस्त्याच्या कडेला उभे करता येत नाही.

इंजिन शक्य तितक्या उशिरा आणतात. ते फार महाग असते, आणि न चालवता दीर्घकाळ पडून राहिले तर दमटपणाने आतून गंजू लागते. वैमानिकापुढील उपकरणेही अशीच उशिरा घेतात. कारण आज घेतलेले उपकरण विमान पुरे होईपर्यंत जुने ठरण्याचा संभव असतो.

पंख बांधून होतात लवकर. पण धडाला जोडले जातात बहुधा अगदी शेवटी, आणि तेही विमानतळावर. अशा विमानाची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ फुटांच्या आसपास असते. पंख घरीच जोडले, तर विमान मोटारीच्या गॅरेजच्या दारातून बाहेर कसे पडणार?

सर्व जुळणी झाल्यावर प्रत्येक चाकाखाली काटा ठेवून विमानाचे वजन करतात आणि तोल पाहतात. नंतर अधिकृत तपासणी होते. त्यापुढेही अमेरिकेत अशा विमानाचे आरंभीचे २५ किंवा ४० तासांचे उड्डाण नेमून दिलेल्या क्षेत्रातच करावे लागते, ही रूढ पद्धत आहे.

अशा प्रकारे, नकाशा भागांची जागा सांगतो. परंतु कामाची वेळ पुष्कळदा माणसाला विवेकाने ठरवावी लागते. हाताला शिक्षण कोठे मिळेल, कोणती वस्तू थांबल्याने बिघडेल, आणि काय झाकले असता पुन्हा उघडणे कठीण जाईल, या प्रश्नांची उत्तरे ज्याने आधी शोधली, त्याचे अर्धे विमान पहिला रिव्हेट ठोकण्यापूर्वीच तयार झालेले असते.

स्वाध्याय
१. विमानाची जुळणी शेपटापासून सुरू करण्याची कारणे सांगा.
२. इंजिन उशिरा आणण्यात कोणता फायदा आहे?
३. ‘झाकलेली चूक आकाशात प्रकट होते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. तुमच्या घरातील एखादे काम निवडा आणि त्याचा क्रम कारणांसह लिहा.