वारा आणि वृक्षांचें वैविध्य

पाइन वृक्षाचे पराग वाराच वाहून नेतो. प्रत्येक परागकणास हवेच्या दोन पिशव्या असतात. तरीही बहुतेक कण जवळच पडतात. लहान, एकाकी वनांत बाहेरचा पराग आला नाहीं, तर पिढ्यानपिढ्या वैविध्य घटत जातें.

कॅलिफोर्नियांतील टॉरे पाइन निसर्गतः दोनच ठिकाणीं वाढतो: सॅन डिएगोजवळील किनाऱ्यावर आणि दूरच्या सांता रोझा बेटावर. १९८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत आनुवंशिक गुणांचीं ५९ स्थानें तपासलीं असतां एकाच वनांतील झाडांत कांहींच भेद आढळला नाहीं; दोन वनांमध्यें केवळ दोन स्थानीं आढळला.

झाडें इतकीं सारखीं असलीं, कीं एकच रोग सर्वांस घातक ठरूं शकतो. म्हणून अरण्यें तोडतांना मधल्या राया तरी राखाव्या. वाऱ्याचा मार्ग त्यांतूनच जातो.