कुटुंबासह क्रीडांगणावर
(परिसर अभ्यास व शारीरिक शिक्षण यांचा जोडपाठ : इयत्ता ३ री ते ५ वी)

करमणूक ही सवडीची व चैनीची गोष्ट आहे, अशी समजूत आपल्या समाजात फार दिवसांपासून रूढ आहे. कष्ट करणाऱ्या माणसाला खेळाची गरज ती काय, असे सहज बोलले जाते. परंतु आपल्याच खेड्यातील जुन्या चालीरीती पाहिल्या, तर ही समजूत टिकत नाही. पंचमीचे झोके, झिम्मा-फुगड्या, यात्रेतील कुस्त्यांची दंगल, चांदण्या रात्रीच्या आट्यापाट्या हे सारे करमणुकीचेच प्रकार होत. आणि वर्षभराच्या शेतकामात त्यांना ठरलेली जागा होती. आपल्या पूर्वजांना खेळाचे मोल कळत होते, हे यावरून स्पष्ट होते.

तथापि एक गोष्ट शिक्षकबंधुभगिनींनी ध्यानात घ्यावयास हवी. शेतकरी कुटुंबातील माणसे एकत्र राबतात, एकत्र सण करतात, एकत्र देवदर्शनास जातात. पण रोजच्या विसाव्याच्या वेळी ती विखुरलेली असतात. संध्याकाळी पुरुषमंडळी पारावर असतात, मुलगे मैदानावर असतात, आजोबा ओट्यावर असतात आणि आई चुलीपाशी असते. मुलगी कोठे असते? लहान असेपर्यंत ती भावाबरोबर मैदानावर दिसते. दहा-अकरा वर्षांची झाली, की तिच्या डोक्यावर घागर किंवा कडेवर धाकटे भावंड येते, आणि मैदानावरून ती हळूहळू दिसेनाशी होते. तिला ‘खेळू नकोस’ असे बहुधा कोणीही उघडपणे म्हणत नाही. तिची आई तेथे कधी गेलेली नसते, एवढेच कारण त्यास पुरते. या पाठाचा रोख या एका गोष्टीवर आहे.

शहरातील उद्याने व आपले मैदान

मोठ्या शहरांत कुटुंबाने मिळून जावे अशा जागा मुद्दाम निर्माण करण्यात आल्या. मुंबईतील माहीम पार्क १९२५ साली लोकांस खुले झाले व १९२७ साली, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने, त्यास शिवाजी पार्क हे नाव मिळाले. आजही तेथे एका बाजूस मुले क्रिकेट खेळतात, दुसऱ्या बाजूस वडीलधारी मंडळी कट्ट्यावर बसतात आणि भोवतालच्या वाटेने स्त्रिया फेऱ्या मारतात. पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली ‘फुलराणी’ ही छोटी आगगाडी सुरू झाली. तिच्यात बसलेली मुले पुढे आजी-आजोबा झाली व नातवंडांस घेऊन तेथे गेली. अशा जागेचे खरे मूल्य झाडांत किंवा गाडीत नसून तीन पिढ्या एका ठिकाणी येतात यात आहे.

आपल्या सेनगाव तालुक्यातील पुसेगावसारख्या गावी असे उद्यान नाही म्हणून खंत करण्याचे कारण नाही. गावाला शाळा आहे, आणि शाळेस मैदान असणे हे तर कायद्यानेच अपेक्षिलेले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा अधिनियम प्रत्येक शाळेस मैदान असावे असे आपल्या अनुसूचीत सांगतो. शाळा सुटल्यानंतरच्या दोन तासांत हेच मैदान गावाचे उद्यान व गावाची व्यायामशाळा होऊ शकते. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. कुटुंबांनी तेथे येण्याची सवय मात्र लागते, आणि सवय लावणे हे तर शिक्षकाचे नित्याचेच काम आहे.

लहान मुलांपाशी शाळा जाऊ शकते, हे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात दाखवून दिले. अंगणात भरणारी अंगणवाडी आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरणारी कुरणशाळा हे त्यांचे प्रयोग प्रसिद्धच आहेत. त्यांनी शाळा कुटुंबाच्या दारी नेली. आपण कुटुंबास शाळेच्या अंगणी आणावयाचे आहे.

खेळ किती हवा?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींस दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम मिळावयास हवा. प्रौढांस आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. यावर कोणी म्हणेल की, शेतात राबणाऱ्या स्त्रीस व्यायाम कशाला? आक्षेप योग्य आहे. निंदणी-खुरपणीत वाकून तिचे अंग पुरेसे झिजलेले असते. तिला श्रम वाढवून नको आहेत. तिला मोकळा तास, मोकळी हवा आणि मैत्रिणींचा सहवास हवा आहे. मैदानावर येऊन ती नुसती बसली तरी पाठाचा हेतू निम्मा साधला, असे समजावे.

मुलींच्या बाबतीत मात्र खेळच हवा. खोखो व कबड्डी हे आपल्या मातीतले खेळ. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन येथील ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारताने विजय मिळविला. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर व महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे खेळाडू. हा खेळ दोन खांब व सपाट जमीन एवढ्यावर चालतो. वर्गातील एखादी चपळ मुलगी पाचवीनंतर मैदानावर आलीच नाही, तर तिच्या अंगचा गुण तिला स्वतःलादेखील कळत नाही. हे नुकसान कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही, म्हणून ते अधिक मोठे.

पाठाचे उद्देश

१. आपल्या गावातील मोकळ्या सार्वजनिक जागांची विद्यार्थ्यांस ओळख व्हावी.
२. लांबी, परिमिती व क्षेत्रफळ यांचा प्रत्यक्ष वापर करता यावा.
३. घरातील वडीलधाऱ्यांकडून जुने खेळ समजून घ्यावेत.
४. मुलगा व मुलगी या दोघांनीही आपल्या कुटुंबासह मैदानाचा उपयोग करावा.

पहिला दिवस : चौकशी

वर्गात पुढील प्रश्न विचारावेत : काल संध्याकाळी तुम्ही कोठे होता? तुमची बहीण कोठे होती? आई कोठे होती? उत्तरे फळ्यावर चार रकान्यांत लिहावीत : घर, शेत, पार, मैदान. ‘मैदान’ या रकान्यात कोणाची नावे आहेत व कोणाची नाहीत, हे मुले आपणच सांगतील. शिक्षकाने येथे उपदेश करू नये. घरी विचारण्यासाठी एकच प्रश्न द्यावा : ‘आजी, तू लहानपणी काय खेळत होतीस?’ दुसऱ्या दिवशी येणारी उत्तरे शिक्षकासही नवी वाटतील. सागरगोटे, लंगडी, लगोरी, फुगडीचे नाना प्रकार यांची यादी करून भिंतीवर लावावी.

दुसरा दिवस : मैदानाची आखणी

साहित्य : मीटर टेप, सुतळी, खुंट्या, फक्की किंवा राख.

प्रथम सर्वांनी मिळून मैदानातील सराटे, काचा व खडे वेचावेत. गवत वाढले असेल तर ते मुलांकडून काढवू नये. साप-विंचवाची भीती असते. मोठ्या माणसांच्या साहाय्याने ते आधीच काढून घ्यावे.

नंतर काटकोन कसा साधावा ते दाखवावे. सुतळीवर ३ मीटर, ४ मीटर व ५ मीटर अशा अंतरांवर गाठी मारून त्रिकोण ताणला, की ३ व ४ मीटरच्या बाजूंमधील कोन काटकोन होतो. गवंडी घराचा पाया आखताना हीच युक्ती वापरतो, हे सांगितल्यास मुलांस ती विसरणार नाही.

खोखोचे मोठ्या गटाचे मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद असते. त्याचे क्षेत्रफळ ४३२ चौरस मीटर, म्हणजे सुमारे सव्वाचार गुंठे. कबड्डीचे पुरुषांचे मैदान १३ × १० मीटर, म्हणजे १३० चौरस मीटर. स्त्रियांचे १२ × ८ मीटर, म्हणजे ९६ चौरस मीटर. गुंठ्याचा हिशेब शेतकऱ्याच्या मुलास घरीच ठाऊक असतो. त्याचा वर्गात उपयोग करावा. जागा अपुरी असल्यास मैदान लहान आखावे, परंतु दोन्ही बाजूंस मोकळी पट्टी ठेवावी, म्हणजे धावणारे मूल भिंतीवर आदळणार नाही. एका कडेला सावली पाहून वृद्धांसाठी बसण्याची जागाही आखावी व ती मैदानाचाच भाग आहे असे मुलांस सांगावे.

तिसरा दिवस : कुटुंबाची भेट

दिवस निवडताना शेतीचा हंगाम पाहावा. सोयाबीनची काढणी व हळद शिजविण्याचे दिवस टाळावेत. मकरसंक्रांतीचा सुमार सर्वांत उत्तम. त्या दिवसांत स्त्रिया एकमेकींकडे जातात-येतात, त्यामुळे त्यांना घराबाहेर पडण्यास वेगळे कारण शोधावे लागत नाही. मात्र निमंत्रण ‘तिळगुळाचा कार्यक्रम’ म्हणून द्यावे. हळदीकुंकू म्हटले की काही माता-भगिनी आपोआप बाहेर राहतात. शाळेच्या अंगणातून कोणतीही स्त्री वगळली जाता कामा नये.

निमंत्रण मुलांच्या हस्ताक्षरात असावे. वेळ दुपारी चार ते साडेपाच ठेवावी. त्यानंतर स्वयंपाकाची घाई असते. कार्यक्रमात भाषणे ठेवू नयेत. आरंभी मुलींचा खोखोचा एक डाव, नंतर आजीबाईंनी शिकविलेला एखादा जुना खेळ, आणि शेवटी माता व मुली यांची मिळून लंगडी किंवा फुगडी, एवढेच पुरे. संकोचाने कोणी खेळली नाही तर आग्रह धरू नये. पुरुषमंडळींनी त्या दिवशी कडेवरची लहान मुले सांभाळावीत, असे आधीच ठरवून घ्यावे. ही लहानशी व्यवस्था पुष्कळ काही शिकविते.

तालुक्याबाहेरील भेट

आपल्या कुटुंबांस सहलीची सवय नाही असे नाही. औंढ्यास नागनाथाच्या दर्शनास, नर्सीस नामदेवांच्या स्थानी, दसऱ्यात हिंगोलीच्या रामलीला मैदानावरील प्रदर्शनास आपली माणसे जातातच. अशा फेरीतच थोडा वेळ हिंगोलीतील क्रीडांगणासाठी काढावा, असे पालकांस सुचवावे. धावण्याची आखलेली वाट व सराव करणाऱ्या मुली डोळ्यांनी पाहिल्या, म्हणजे बापाच्या मनातील पुष्कळशी शंका दूर होते. शाळेच्या वतीने सहल न्यावयाची असल्यास नियमाप्रमाणे पूर्वपरवानगी व पालकांची लेखी संमती घ्यावी.

मैदानाचे रक्षण

ज्या जागेवर माणसांची ये-जा नसते, ती जागा फार दिवस मोकळी राहत नाही. आधी तेथे कडब्याची गंज येते, मग गाडी उभी राहते, मग टपरी येते, आणि अखेरीस मैदान कागदावर उरते. ग्रामस्थांच्या सामायिक जागांवरील अतिक्रमणे दूर करावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग यांच्या खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी दिला. परंतु प्रत्येक गावाने न्यायालयात जाण्यापेक्षा मैदान रोज वापरात ठेवणे हा सोपा उपाय होय. मुख्याध्यापकांनी शाळेच्या जागेची सातबारावर किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नोंद आहे की नाही हे पाहून तिची प्रत दप्तरी ठेवावी.

शाळा सुटल्यावर मैदान कोणी उघडावे, दिव्याचे व पाण्याचे काय, दंगा झाल्यास जबाबदार कोण, असे प्रश्न उभे राहतील. त्यांचे ओझे एकट्या शिक्षकाने घेऊ नये. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असतात. हे प्रश्न त्या समितीपुढे मांडावेत आणि आठवड्यातील निदान दोन संध्याकाळी मुली व माता यांच्यासाठी राखून ठेवाव्यात, असा ठराव करून घ्यावा. किल्ली कोणाकडे राहील तेही ठरावातच लिहावे.

मूल्यमापन

या पाठाची परीक्षा लेखी घेऊ नये. पाठ झाल्यावर एक महिन्याने, कोणतीही सूचना न देता, शिक्षकाने एखाद्या संध्याकाळी मैदानावर जावे व पुढील गोष्टी नोंदवाव्यात :

१. खेळणाऱ्या मुली किती? त्यांपैकी चौथी-पाचवीतील किती?
२. घरच्या वडीलधाऱ्यांपैकी किती जण आले आहेत? त्यांत स्त्रिया किती?
३. आखलेल्या रेषा पुसल्यावर त्या मुलांनी आपण होऊन पुन्हा आखल्या काय?
४. मैदानाची स्वच्छता कोण ठेवीत आहे?

पहिल्या महिन्यात संख्या अल्प आढळल्यास निराश होऊ नये. एक आई आली असेल, तर पुढच्या महिन्यात तिच्या शेजारणीस आणण्याचे काम तिच्याकडेच सोपवावे. या नोंदी वर्षभर ठेवून वार्षिक तपासणीच्या वेळी शिक्षणविस्तार अधिकाऱ्यांस दाखवाव्यात. आणि पाचवीतून पुढे गेलेल्या मुलींची नावे त्या नोंदीतून काढून टाकू नयेत.