आजारी मूल आणि आपली अमानत

पावसाळ्यात मालवण, आचरा, देवगडच्या किनाऱ्यावरील एखाद्या शाळेत डोकावून पाहावे. पट कमी म्हणून दोन इयत्ता एकाच खोलीत, आणि झडीमुळे खिडक्या बंद. तिथे अंगात ताप असलेले एक मूल येऊन बसले, की आजार त्याच्या एकट्याचा राहत नाही. तरीही सकाळी आपण त्याला तापाची गोळी देतो आणि दप्तर खांद्यावर अडकवतो. हजेरी बुडू नये ना! कोणी हटकले तर उत्तर तयार असते: ‘आजार अल्लाहच्या हुकुमाने येतो, संसर्गाने नव्हे.’

हे उत्तर अर्धवट आहे. संसर्गाला नाकारणारी हदीस बुखारीत आहे, हे खरे. परंतु रोग स्वतःच्या बळावर पसरतो, ही अज्ञानकाळातील समजूत तिने खोडून काढली, असे विद्वानांनी स्पष्ट केले आहे. त्याच बुखारीत आजारी उंट निरोगी उंटांत मिसळू नयेत, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीदही आहे. जनावरांविषयी एवढी दक्षता, मग शेजाऱ्याच्या लेकराविषयी किती?

हिजरी 18 च्या सुमारास माननीय उमर (रजि.) शामच्या वाटेवर असताना पुढे प्लेगची साथ असल्याचे कळले आणि ते मागे फिरले. ‘अल्लाहच्या तकदीरपासून पळता?’ या आशयाचा प्रश्न अबू उबैदा (रजि.) यांनी केला. अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात असल्याचे उमर (रजि.) यांनी सांगितले.

आता गोवर पाहा. पुरळ उठण्याच्या 4 दिवस आधीपासून तो पसरू लागतो आणि रुग्ण निघून गेल्यावरही त्याचा विषाणू खोलीच्या हवेत 2 तासांपर्यंत टिकू शकतो. म्हणजे पुरळ दिसल्यावर मुलाला घरी ठेवले तरी उशीर झालेलाच असतो. इथे लसच कामी येते. नोव्हेंबर 2018 मध्ये महाराष्ट्रातील शाळांतून गोवर-रुबेला लसीकरण सुरू झाले, तेव्हा काही पालकांनी अफवांवर विश्वास ठेवून नकार दिला. पुढे 2022 मध्ये मुंबईतील गोवंडी परिसरात गोवराने लहान मुले दगावली. अफवा पसरवणाऱ्यांनी त्या घरांत जाऊन काय सांगितले असते?

कांजिण्यांत सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत मूल घरीच असावे. डोळे आल्यास रुमाल वेगळा ठेवावा. शिंक आली की प्रेषित (स.) हाताने किंवा वस्त्राने चेहरा झाकत, हे तिर्मिजीत आहे, मुलांना ही सुन्नत म्हणूनच शिकवावी, ती चटकन उचलतात.

आणि वर्गशिक्षकांना आजाराचे नाव सांगावे. वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी तान्हे भावंड असते, आणि त्याला गोवराची पहिली लस 9 महिने पूर्ण झाल्यावरच मिळते.