ज्वालामुखी, छावणी आणि गोवर



भूगोलात आपण ज्वालामुखीचे तीन प्रकार शिकलो : जागृत, निद्रिस्त आणि मृत. तेवढं लिहिलं की परीक्षेत गुण मिळतात. पण निद्रिस्त डोंगराच्या उतारावर माणसं राहतात, शेती करतात. तो डोंगर जागा झाला तर त्यांच्या आरोग्याचं काय होतं? ह्या प्रश्नाचा मी अभ्यास केला. तो इथे देत आहे.

आपला सह्याद्रीसुद्धा लाव्ह्याच्या थरांनीच बनला आहे. पण ती गोष्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची. आज महाराष्ट्रात जागृत ज्वालामुखी नाही. भारतात तो एकच, अंदमानच्या समुद्रातलं बॅरन बेट. तिथे माणसांची वस्ती नाही. म्हणून मी फिलिपाइन्स देशातला पिनाटुबो निवडला.

डोंगर जागा झाला

पिनाटुबो लुझॉन बेटावर आहे. तो सुमारे ५०० वर्षं शांत होता. त्याच्या उतारांवर दाट रान माजलं होतं. त्या रानात आएटा नावाचे जवळपास २०,००० आदिवासी राहत.

२ एप्रिल १९९१ रोजी डोंगरातून वाफेचे स्फोट झाले. शास्त्रज्ञांनी भूकंपमापक यंत्रं बसवली आणि धोक्याच्या १ ते ५ अशा पायऱ्या ठरवल्या. पण घरदार, पीक, जनावरं सोडून कोण लगेच निघणार? तेव्हा अधिकाऱ्यांना आणि गावकऱ्यांना एक चित्रफीत दाखवली गेली. ज्वालामुखी काय काय करू शकतो, हे तीत होतं. फ्रान्सचे शास्त्रज्ञ मॉरिस क्राफ्त यांनी ती तयार केली होती. ३ जून १९९१ रोजी जपानच्या उन्झेन ज्वालामुखीजवळ मॉरिस आणि त्यांच्या पत्नी कातिया दोघेही मरण पावले. त्यांच्या चित्रफितीने मात्र कितीतरी जणांना घराबाहेर काढलं.

१५ जूनला पिनाटुबो फुटला. राखेचा ढग सुमारे ३५ किलोमीटर उंच गेला. लोकांना आधीच हलवलं होतं, त्यामुळे निदान ५,००० जीव वाचले, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

राख म्हणजे चुलीतली राख नव्हे

आपल्या चुलीतली राख फुंकर मारली की उडते. ज्वालामुखीची राख म्हणजे खडकाचा आणि काचेचा बारीक चुरा. ती पाण्यात विरघळत नाही, डोळ्यांत खुपते, दम्याच्या माणसाला फार त्रास देते. आणि भिजली की भलतीच जड होते. पिनाटुबो फुटला त्याच दिवशी तिथे चक्रीवादळ आलं. पावसाने राख भिजली आणि तिच्या ओझ्याने छपरं कोसळली. सुमारे ३०० माणसं गेली, ती बहुतेक अशी छपराखाली सापडून.

छावणीतलं संकट

मला वाटलं होतं, डोंगरापासून लांब नेलं की माणूस वाचला. पण तसं नाही. छावण्यांमध्ये गोवर, हगवण आणि न्यूमोनियाने पुन्हा कितीतरी माणसं मेली. त्यात आएटांची लहान मुलं जास्त होती. त्यांच्या पाड्यांवर लस फारशी पोचलीच नव्हती. शिवाय परक्या डॉक्टरांवर त्यांचा भरवसा नव्हता. गोवर एकाला झाला की दाटीवाटीत भराभर पसरतो. म्हणजे लाव्ह्यातून सुटलेली मुलं गोवरात सापडली. लस आधीच टोचली असती, आणि ओळखीच्या माणसाने त्यांच्या बोलीत समजावलं असतं, तर त्यातली बरीच आज हयात असती, असं मला वाटतं.

आधी करायची तयारी

१. धोक्याच्या पायऱ्या आणि बाहेर पडायचा रस्ता सर्वांना पाठ हवा. म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी माणसं यांची यादी आधीच करावी. त्यांना पहिल्यांदा हलवावं.

२. चेहऱ्याला घट्ट बसणारे मास्क साठवावेत. नुसत्या रुमालाने थोडीच राख अडते. लहान मुलांना घरातच ठेवावं.

३. विहिरी, हौद, हंडे झाकावेत. राख झाडण्याआधी थोडंसं पाणी शिंपडावं. छपरावरची राख मोठ्या माणसांनी जपून, थर जाड होण्याआधी काढावी.

४. रोजच्या गोळ्या आणि लसीकरणाचं कार्ड एका पिशवीत तयार ठेवावं.

५. छावणीत पोचताच मुलांना गोवराची लस आणि ‘अ’ जीवनसत्त्व द्यावं.

एक हिशेब

छावणीत दर माणशी रोज निदान १५ लिटर पाणी आणि २० माणसांमागे एक संडास, असं प्रमाण मदतकार्यात मानतात. मी १,००० माणसांचा हिशेब मांडला. पाणी १५,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे तीन टँकर, तेही रोज. आणि संडास ५०. डोंगर फुटल्यावर हे सगळं शोधायला निघालं तर कसं व्हायचं?

आपल्याला काय उपयोग?

ज्वालामुखी आपल्याकडे नाही, पण छावणी आपल्याकडेही पडते. २०१९ च्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडची पुष्कळ माणसं शाळांमध्ये राहिली होती. गर्दी, दूषित पाणी आणि न टोचलेली मुलं एकत्र आली की रोग येणारच. मग ती गर्दी लाव्ह्यामुळे झालेली असो की पुरामुळे.

पालकांना माझी विनंती आहे. बाळाला गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. राहिला असेल तर आशाताईंना किंवा अंगणवाडीच्या ताईंना विचारा. संकटाच्या दिवशी रांग लावण्यापेक्षा आजच गेलेलं बरं.

स्वाध्याय

१. ओली राख कोरड्या राखेपेक्षा जास्त धोक्याची का?

२. ६०० माणसांच्या छावणीला रोज किती लिटर पाणी आणि एकूण किती संडास लागतील?

३. घरी धाकटा भाऊ किंवा बहीण असेल तर त्यांचं लसीचं कार्ड पाहा. कोणता डोस राहिला आहे, ते आईला वाचून दाखवा.