कोणती आपत्ती किती सवड देते?



भित्तिपत्रकाच्या या अंकासाठी गुरुजींनी मला 'नैसर्गिक आपत्ती व त्यांची कारणे' हा विषय दिला. त्यांचे प्रकार आपण शिकलोच आहोत. काही आपत्ती जमिनीच्या पोटातून येतात, जसे भूकंप आणि ज्वालामुखी. काही आभाळातून येतात, जसे वीज, गारपीट आणि वादळ. काही पाणी फार झाल्याने येतात आणि दुष्काळ पाणी नसल्याने येतो. मी हे पाठ करून तसेच उतरवून देणार होतो. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी जे घडले ते आठवले आणि मी लेख दुसऱ्या तऱ्हेने लिहायचे ठरवले.

मृगाचे दिवस होते. बाबा वावरात पेरणी करत होते. तिसऱ्या प्रहरी आभाळ काळेकुट्ट झाले आणि पाऊस सुरू झाला. बाबांनी बैल सोडून धुऱ्यावरच्या निंबाखाली बांधले आणि पोते पांघरून स्वतःही तिथेच उभे राहिले. तेवढ्यात शेजारच्या वावरातल्या काकांनी खोपडीतून तंबाखूसाठी हाक मारली. बाबा खोपडीत पोचले न पोचले तोच निंबावर वीज पडली. आमचा ढवळ्या बैल जागीच मेला. बाबा अजून म्हणतात, "तंबाखूनं वाचवलं मले." (तंबाखू खाणे चांगले, असा याचा अर्थ कोणी काढू नये.)

आजी म्हणाली, "देवाचा कोप व्हय तो."

मी विचारले, "मंग ढवळ्यानं काय केलं होतं व आजी?" ती काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले, की वीज पडणार हे बाबांना आधी कळले असते काय? गुरुजी म्हणाले, "कळत होतं. आभाळ सांगत होतं, पण ऐकायचं कसं ते कोणाला माहीत नव्हतं." तेव्हापासून कोणत्याही आपत्तीचे नाव निघाले की ती येण्याआधी किती सवड देते, हा प्रश्न मला पडतो. म्हणून हा लेख मी त्याच क्रमाने लिहितो.

विजेपासून सुरू करतो. विजेचे ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतात. त्यांच्या वरच्या भागात इतकी थंडी असते की पाण्याचे बर्फ होते. खालून गरम हवा जोराने वर चढते आणि तिच्यामुळे बर्फाचे कण व गारा एकमेकांवर आपटतात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, हा प्रयोग आपण वर्गात केला आहे. तशीच वीज ढगात तयार होते, पण फार मोठ्या प्रमाणावर. बहुधा ढगाच्या वरच्या भागात धन भार साठतो आणि खालच्या भागात ऋण भार. त्याच्या ओढीने खाली जमिनीवर धन भार गोळा होतो. हवा सहसा आपल्यातून वीज जाऊ देत नाही, पण भार फार झाला की तिलाही ते आवरत नाही आणि वीज ढगातून जमिनीकडे धावते. तिला जवळची वाट हवी असते. उंच झाड, विजेचा खांब किंवा मोकळ्या वावरात उभा असलेला माणूस यांतून ती सापडते.

विजेच्या वाटेवरची हवा एका क्षणात सुमारे ३०,००० अंश सेल्सिअस तापते. सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा हे पाचपट आहे. तापलेली हवा एकदम फुगते, तोच गडगडाट. म्हणजे वीज आणि गडगडाट एकाच वेळी होतात, पण उजेड लगेच दिसतो आणि आवाज मागून येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद. वीज चमकली की मोजायला सुरुवात करायची. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यावरही पडू शकते. मग वखर असो, तिफन असो, सोडून पक्क्या घरात जायचे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. आजकाल 'दामिनी' नावाच्या मोबाइल ॲपवरही जवळपासच्या विजेची सूचना मिळते. पण वावरात रेंज असेलच असे नाही. मोजणी कुठेही करता येते.

घर जवळ नसेल तर? झाडाखाली जायचे नाही. तारेचे कुंपण, मोटारपंप, लोखंडी अवजारे यांपासून दूर व्हायचे. दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसायचे, डोके गुडघ्यांत घालायचे आणि कान झाकायचे. आडवे मात्र पडायचे नाही. याचे कारण मला फार उशिरा समजले. वीज झाडावर पडली की जमिनीतून चहूकडे पसरते. जवळ तिचा जोर जास्त असतो, लांब कमी. पाय फाकलेले असले की एका पायाशी जोर जास्त आणि दुसऱ्याशी कमी, म्हणून वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय तर किती लांब असतात! मधल्या वाटेत त्याचे काळीज येते. ढवळ्याच्या अंगावर कदाचित वीज पडलीच नसेल, ती जमिनीतून आली असेल, असे गुरुजी म्हणाले.

आणखी एक गोष्ट पालकांनी वाचावी. वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. त्याला हात लावायला भ्यायचे कारण नाही. श्वास बंद असेल तर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन तो वाचू शकतो. मात्र हे लगेच करावे लागते.

झाडाची भीती फक्त विजेमुळे नाही. आपल्या अकोला जिल्ह्यात पारस येथे ९ एप्रिल २०२३ रोजी संध्याकाळी वादळी पाऊस आला. एका संस्थानात लोक टिनाच्या शेडखाली जमले होते. शेजारचा जुना निंब वाऱ्याने उन्मळून शेडवर पडला आणि सात माणसे गेली. उन्हाळ्यातल्या अशा ढगातून पावसाबरोबर थंड, जड हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पावसाआधी जो गार वारा अंगाला बरा वाटतो, तोच हा वारा. तो लागला म्हणजे आपल्याजवळ थोडीच मिनिटे आहेत असे समजावे.

गारपीटही याच ढगांतून होते. खालून चढणारी हवा पाण्याचे थेंब थंडीत उचलून धरते आणि त्यांच्यावर बर्फाचे थर चढत जातात. मी एक मोठी गार विळ्यावर कापून पाहिली. आत कांद्यासारखे पापुद्रे दिसले आणि लगेच पाणी झाले. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भ-मराठवाड्यात अशी गारपीट कितीतरी दिवस चालली. गहू, हरभरा, संत्री, सगळे झोडपून निघाले. माणूस घरात शिरतो, पण पीक कुठे जाणार?

विजेपेक्षाही कमी सवड भूकंप देतो. खरे म्हणजे देतच नाही. आपण ज्या जमिनीवर राहतो ती एका प्रचंड तबकाचा भाग आहे. ते तबक दर वर्षी सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते आणि तिकडच्या दुसऱ्या तबकाला रेटते. त्या रेट्यातूनच हिमालय उभा राहिला. इकडे आपल्या खालच्या खडकातही त्याचा ताण साठतो आणि जिथे जुनी भेग असते तिथे खडक एकदम सरकतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी भागात असेच झाले. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. आठ हजारांच्या आसपास माणसे मेली. घरांच्या भिंती दगड-मातीच्या, जाड, आणि वर मातीचे जड माळवद. धक्क्याने दगड निसटले आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आले.

हे लातूरचे झाले, आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. तर ऐका. ३० सप्टेंबर २०२४ रोजी, तारीखही तीच, दुपारी दीडच्या सुमारास आपल्या अमरावती जिल्ह्यात मेळघाटात ४.२ तीव्रतेचा भूकंप झाला. चिखलदरा, धारणी भागातले लोक घराबाहेर पळाले. (तारीख जुळली हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नये.) सातपुड्याच्या पायथ्याशी खडकात एक फार जुनी भेग आहे. शास्त्रज्ञ तिला गाविलगड भ्रंश म्हणतात, म्हणजे आपल्या गाविलगड किल्ल्याचेच नाव. ४.२ आणि किल्लारीचा ६.२ हे आकडे जवळचे वाटतात, पण दोन अंकांच्या फरकात शक्ती सुमारे हजारपट वाढते. गावात ज्यांच्या घरांवर अजून मातीचे धाबे आहे त्यांनी दर पावसाळ्याआधी वर आणखी मातीचा थर टाकताना हे आठवावे. भूकंपाची सवड घर बांधताना मिळते, नंतर नाही.

ज्वालामुखीबद्दल थोडक्यात. आपल्या काळ्या मातीखालचा काळा दगड हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा आहे. आता इथे ज्वालामुखी नाही. समुद्रही नाही, म्हणून त्सुनामी मी सोडून देतो.

पूर काही तासांची सवड देतो. आपल्या पूर्णा नदीचा उगम मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात आहे. ती अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून वाहत पुढे तापीला मिळते. मेळघाटातल्या डोंगरांवर पाऊस पडला की शहानूर, वान यांसारख्या नद्या ते पाणी उतारावरून झपाट्याने खाली आणतात. इकडे मैदान सपाट, म्हणून पाणी पसरते. त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पण ओली झाली की ती फुगते, भेगा बुजतात आणि नंतरचे पाणी आत न मुरता वरून वाहते. म्हणूनच कधी कधी गावात ऊन असते आणि नाल्याला पूर येतो. २१ जुलै २०२१ च्या रात्री तर पाऊस अकोल्यातच कोसळला आणि मोर्णा नदी शहरातल्या सखल वस्त्यांत शिरली. त्याआधी ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने आपल्या वरूडच्या पलीकडचे मोवाड गाव बुडाले. दोनशेहून अधिक माणसे गेली.

आपल्या नाल्याच्या रपट्यावर पाणी असताना मोठी मुले पैज लावून पलीकडे जातात. मीही एकदा गेलो आहे, घरी सांगितले नव्हते, आता कळेलच. वाहते पाणी गुडघ्याएवढे असले तरी माणसाला पाडते आणि दोन फूट पाणी मोटारगाडी उचलते.

चक्रीवादळ कित्येक दिवसांची सवड देते, कारण ते समुद्रावर तयार होते आणि उपग्रहातून दिसते. ओडिशात १९९९ साली महाचक्रीवादळ आले तेव्हा सुमारे दहा हजार माणसे मेली. तिथेच २०१३ मध्ये फायलिन हे जोरदार वादळ आले. त्या वेळी लाखो लोकांना आधीच हलवले होते आणि मृतांची संख्या पन्नासही झाली नाही. वारा तोच, समुद्र तोच. मला हे उदाहरण सगळ्यांत जास्त आवडते.

उन्हाची लाटही आता आपत्तीत मोजतात. मे २०२४ मध्ये अकोल्यात उन्हामुळे जमावबंदीचा आदेश निघाला होता. लू आजीच्या काळीही लागत होती, पण तिचा हिशेब कोणी ठेवत नव्हते.

सर्वांत जास्त सवड दुष्काळ देतो, महिनोन्‌महिने. आजीने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे. त्या वर्षी पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा जास्त तापले होते, याला एल निनो म्हणतात. असे झाले की आपला मोसमी पाऊस बहुधा अशक्त होतो. आजी सांगते, "म्या खडी फोडली बापा, सुकडी खाल्ली. विहिरीत उतरून वाटीवाटीनं पानी भरलं." मी विचारले, दुष्काळ येणार हे आधी कळले नव्हते काय? ती म्हणाली, "आदल्या साली बी पानी कमीच होता. सारेच म्हनत, पुढच्या साली पडन."

हे ऐकल्यावर मी आणि बाबांनी एक काम सुरू केले. आमच्या वावरातल्या विहिरीचे पाणी खारे आहे, आपला भाग खारपाणपट्ट्यातला, पण ढोरांना आणि वापरायला ते चालते. आम्ही एका दोराला दगड बांधला, दर हातावर गाठ मारली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी काठापासून पाणी किती गाठींवर आहे ते वहीत लिहू लागलो. दिवाळीच्या महिन्यात ते ८ गाठींवर होते, होळीच्या महिन्यात १४, मृगाच्या आधी १९. आता पोळा जवळ आला आहे आणि पाणी १३ गाठींवर आहे. मागच्या पोळ्याला किती होते ते सांगता येत नाही, कारण तेव्हा आम्ही मोजत नव्हतो. वही गुरुजींच्या कपाटात ठेवली आहे. ज्यांच्या विहिरी आहेत त्यांनी आपला आकडा आणून दिला तर पुढच्या पानावर तोही लिहू.