गोळी लागूनही जनावर पळतं कसं?

प्रश्न : आमचं शेत पुसद तालुक्यात, जंगलाला लागून आहे. रोही आणि रानडुकरं तूर, हरभरा काही ठेवत नाहीत. गावातली म्हातारी माणसं जुन्या शिकारीच्या गोष्टी सांगतात. कुणाचं जनावर एका बारात जागीच आडवं झालं, तर कुणाचं दोन गोळ्या खाऊन नाल्यापलीकडे दिसेनासं झालं. अवनी वाघीण मात्र एकाच गोळीत मेली असं वाचलं. हा फरक कशामुळे पडतो? बंदूक जितकी मोठी तितकं काम चोख, हे खरं का? परवानगी मिळाली तर आम्ही कोणती बंदूक वापरावी?
— एक शेतकरी वाचक, पुसद

उत्तर : आधी सिनेमातला एक समज काढून टाकू. गोळीच्या धक्क्यानं जनावर उडून पडत नाही. आपल्याकडच्या परवान्याच्या .315 रायफलीचंच उदाहरण घ्या. हिची गोळी साधारण 16 ग्रॅमची असते आणि नळीतून सेकंदाला सहाशे मीटरच्या आसपास वेगानं सुटते. वजन आणि वेग यांचा गुणाकार करून तो दोनशे किलोच्या रोह्यावर वाटला, तर त्या धक्क्यानं रोही सेकंदाला जेमतेम पाच सेंटिमीटर सरकेल. बंदूकवाल्याच्या खांद्याला बसतो त्याहून मोठा धक्का जनावराला बसत नाही. हा न्यूटनचा नियम आहे आणि तो रायफलीच्या किमतीवर ठरत नाही.

मग जनावर मरतं कशानं? त्याच्या वाटा दोनच. मेंदू किंवा मानेचा वरचा कणा तुटला तर ते उभ्या जागी कोसळतं. हृदय, मोठ्या रक्तवाहिन्या किंवा फुप्फुसं फाटली तर रक्तदाब घसरतो, मेंदूला प्राणवायू मिळेनासा होतो आणि मग ते पडतं. या दुसऱ्या वाटेला वेळ लागतो. हृदय फुटलं तरी मेंदूत दहा-पंधरा सेकंद पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो, आणि जिवाच्या आकांतानं पळणारं रोही तेवढ्या वेळात शंभर मीटर सहज तोडतं. म्हणजे गोळी लागून पळालेलं प्रत्येक जनावर चुकलेल्या नेमाचं नसतं. नेम अचूक असेल तर ते थोड्याच अंतरावर पडलेलं सापडतं. गोळी पोटात लागली असेल तर मात्र ते तासन्‌तास, कधी काही दिवस तडफडून मरतं आणि बहुतेकदा कुणाला सापडतही नाही. तुमच्या म्हाताऱ्यांच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आता गोळीबद्दल. शरीरात शिरल्यावर ती दोन प्रकारे इजा करते. ती ज्या वाटेनं जाते तिथलं मांस, शिरा, हाडं कायमची तुटतात. शिवाय वेगवान गोळीच्या भोवती मांस क्षणभर बाहेर फेकलं जातं आणि पुन्हा मिटतं. फुप्फुस लवचीक असल्यानं हा ताण बराच सोसतं, यकृत मात्र त्यानं फाटतं. पहिली इजा किती रुंद होणार, हे गोळीच्या बांधणीवर ठरतं. नुसतं शिसं मऊ असतं, म्हणून त्यावर तांब्याचं आवरण चढवतात. आवरण टोकापर्यंत पूर्ण असेल तर गोळी आपला आकार टिकवून खोल, सरळ आणि अरुंद भोक पाडत जाते. जुने शिकारी तिला ‘सॉलिड’ म्हणत आणि हत्ती-रानगव्यांसाठी राखून ठेवत. टोकाला शिसं उघडं ठेवलेली ‘सॉफ्ट नोज’ गोळी मांसात शिरताच अळंबीसारखी फुलते आणि रुंद जखम करते, पण तिची खोली कमी होते. शिकारीच्या गोळीचं सगळं गणित या दोन टोकांच्या मध्ये आहे. लवकर फुलली तर ती खांद्याच्या हाडावरच चिरफाळते, आतपर्यंत पोचत नाही. फुललीच नाही तर आरपार जाते, आणि जनावर सुईएवढ्या भोकासह जंगलात गडप होतं. अमेरिकेतल्या जॉन नॉस्लर यांनी 1940 च्या दशकात यावर तोड काढली. त्यांनी गोळीच्या पोटात तांब्याची आडवी भिंत घातली. पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो. ‘पार्टिशन’ नावाची ही गोळी अजूनही बनते.

फुलणाऱ्या गोळीचा इतिहास आपल्याच देशातला आहे. कोलकात्याजवळच्या डमडम कारखान्यात 1890 च्या दशकात इंग्रजांनी सैन्यासाठी अशी गोळी बनवली. तिच्या जखमा इतक्या भयंकर ठरल्या की 1899 च्या हेग परिषदेत युद्धात फुलणाऱ्या गोळ्या वापरू नयेत असा करार झाला. पण शिकारीत हीच गोळी दयाळू समजली जाते. युद्धात जखमी सैनिक लढाईबाहेर झाला तरी काम भागतं. शिकारीत जखमी जनावर हीच सगळ्यात वाईट गोष्ट, तिथे ते लवकर मरावं एवढीच अपेक्षा असते.

याचा अर्थ मोठी बंदूक निरुपयोगी आहे असा नाही. रानगव्याचं वजन आठशे-हजार किलोपर्यंत जातं. त्याची जाड कातडी आणि जाड हाडं ओलांडून आत पोचायला वजनदार गोळी लागतेच. 1912 साली आलेली .375 हॉलंड अँड हॉलंड आजही मोठ्या जनावरांसाठी वापरतात, ते याच कारणानं. पण डब्ल्यू. डी. एम. बेल या शिकाऱ्यानं आफ्रिकेत बरेचसे हत्ती .275 रिग्बीसारख्या लहान रायफलीनं मारले. मेंदू कवटीत नेमका कुठे असतो हे त्याला पाठ होतं, आणि गोळी न फुलणारी होती. बेलची नक्कल करायला गेलेल्या हौशी माणसाला मोठी रायफलही वाचवत नाही. तिच्या दणक्याला तो आधीच दचकतो, चाप ओढताना नळी हलते आणि गोळी पोटात जाते.

तुमच्या शेतातल्या जनावरांचं शरीर तर आणखी अडचणीचं आहे. रोही रवंथ करणारं. चाऱ्यानं भरलेलं त्याचं पोट शरीराचा केवढा तरी भाग व्यापतं, आणि मागून तिरपी मारलेली गोळी त्या ओल्या चाऱ्यातच अडकून बसते. रानडुकराच्या नराला खांद्यावर कातडीखाली कूर्चेसारखा चिवट थर असतो, नरांच्या आपापसातल्या झुंजीत त्याची ढाल होते. भरमार बंदुकीची संथ गोळी किंवा बारा बोअरचे छर्रे जरा लांबून मारले तर तिथेच रुततात. छर्‍यांचा वेग हवेत झपाट्यानं घटतो. जवळून मारलेली एलजी (मोठे छर्रे) आणि साठ-सत्तर पावलांवरून मारलेली एलजी ही दोन वेगळीच हत्यारं समजा.

आता अवनी. वनखात्याच्या नोंदीत टी-1. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या 13 माणसांच्या मृत्यूंशी तिचं नाव जोडलं गेलं होतं. आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न करा, जमलं नाही तर गोळी घाला, असा वनखात्याचा आदेश होता, आणि सप्टेंबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटी शिवारात असगर अली खान या खासगी नेमबाजाची एक गोळी तिला लागली. शवविच्छेदनात दिसलं की गोळी डाव्या पुढच्या पायाच्या वरच्या भागातून छातीत गेली. आत रक्तस्राव झाला, हृदय आणि श्वसन बंद पडलं. वर सांगितलेली दुसरी वाट हीच. वाघाची कातडी रानगव्याच्या मानानं पातळ, छाती अरुंद. मोठ्या रायफलीची गोळी तिथे पोचली की दुसरीची गरज उरत नाही.

वाद झाला तो गोळीच्या ताकदीवरून नव्हे. वाघीण अंगावर आली म्हणून स्वसंरक्षणात गोळी झाडली, असं पथकाचं म्हणणं होतं. जखमेच्या कोनावरून आणि तिला लागलेल्या बेशुद्धीच्या डार्टवरून त्यावर प्रश्न उभे राहिले. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या समितीनं नियम पाळले गेले नाहीत असा ठपका ठेवला. ‘डार्ट मारून पकडायला काय झालं होतं?’ असं तेव्हा पुष्कळांनी विचारलं. डार्ट थोड्या अंतरावरूनच नीट लागतो, आणि औषध चढायला पाच ते पंधरा मिनिटं जातात. तेवढ्या वेळात वाघीण झुडपात शिरते, म्हणून डार्टचं काम दिवसाउजेडी, माग काढणारी माणसं हाताशी ठेवूनच करायचं असतं. अंधारात डार्टही धोक्याचा आणि गोळीही.

अर्धवट लागलेल्या गोळीची किंमत कुणी मोजली, तर चंपावतच्या लोकांनी. 1907 मध्ये जिम कॉर्बेट यांनी तिथली नरभक्षक वाघीण मारली. तिच्या नावावर 436 बळींची नोंद होती. मेल्यावर तपासलं तर उजवीकडचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले. कॉर्बेट यांच्या मते ते कुणाच्या तरी जुन्या गोळीनं तुटले होते आणि म्हणूनच नेहमीचं भक्ष्य तिच्या हाती लागेनासं झालं. त्या बंदूकवाल्याचं नाव कुठेच नाही. नेम चुकला एवढंच समजून तो घरी गेला असेल.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे बंदुकीचं नाव नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे. त्याच्या कलम 11 प्रमाणे पिकाचं नुकसान करणाऱ्या रोही-रानडुकरांना मारण्याची परवानगी अधिकृत अधिकारी लेखी देऊ शकतात. शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी भरमार बंदुकीच्या परवान्याची सोय आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे, आणि दोन्ही कागद हाती आले तरी नेम येत नाही. परवानगी मिळालीच तर बार सराव असलेल्या माणसाला काढू द्या. जनावर आडवं उभं असेल, अंतर कमी असेल आणि उजेड असेल, तरच. आणि गोळी लागून जनावर पळालं तर वनखात्याला कळवून त्याचा माग काढणं हा त्याच कामाचा भाग समजा. तोवर नुकसानीचा पंचनामा करून भरपाईचा अर्ज करा. कुंपणात करंट मात्र सोडू नका. विदर्भात त्या तारेनं वाघ मेलेत आणि रात्री ओलिताला गेलेली माणसंही. गोळीला निदान नेम धरणारा असतो, तारेला तोही नसतो.