देणगी रोख द्यावी का?

प्रश्न : माझ्या भाच्याला डाउन सिंड्रोम आहे. वडिलांच्या वर्षश्राद्धानिमित्त अशा मुलांच्या संस्थेला ११,००० रुपये रोख दिले तर चालतील का?

उत्तर : चेकने किंवा यूपीआयने द्या. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही. तुम्ही नवी करप्रणाली निवडली असेल, तर ती मुळातच नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ खालची संस्थेची नोंदणी पाहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकदा जाऊन या. लोक हौसेने जेवण घालतात (पितृपक्षात तर एकाच दिवशी तीन ठिकाणची खीर येते!), पण अठरा वर्षं उलटलेल्यांच्या कार्यशाळेसाठी, विशेष शिक्षकांच्या पगारासाठी सहसा कुणी विचारत नाही. पावतीवर ‘कार्यशाळेसाठी’ असं लिहून घ्या. भाच्यालाही सोबत न्या.